ससेक्सच्या कप्तानाचा उन्हाळा

१९०० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एकही कसोटी सामना झाला नाही. ऑस्ट्रेलियाचा संघ आदल्या वर्षी येऊन गेला होता आणि पुन्हा १९०२ मध्ये यायचा होता. वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदाच इंग्लंडला आला होता, पण त्याच्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता. वर्तमानपत्रांचे रकाने दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाने भरून जात. मे महिन्यात मॅफकिंगचा वेढा उठल्याची बातमी आली, तेव्हा लंडनचे रस्ते माणसांनी ओसंडून वाहिले. लष्करात असलेले अनेक कौंटी खेळाडू बॅट ठेवून आघाडीवर गेले होते. क्रिकेटप्रेमींच्या वाट्याला उरलं होतं ते फक्त कौंटी क्रिकेट. मे ते सप्टेंबर असा तो लांबलचक मोसम एका माणसाने आपल्या नावावर लिहून घेतला. तो होता ससेक्सचा कप्तान, काठेवाडातल्या सरोदर गावी जन्मलेला, सत्तावीस वर्षांचा कुमार श्री रणजितसिंह. इंग्लंडमधले प्रेक्षक त्याला नुसतं ‘रणजी’ म्हणत.

त्या मोसमात रणजींनी चाळीस डाव खेळले, पाच वेळा ते नाबाद राहिले आणि ८७.५७ च्या सरासरीने ३०६५ धावा केल्या. त्यात अकरा शतकं होती आणि त्या अकरांपैकी पाच द्विशतकं.

आजच्या वाचकाला एवढ्या आकड्यांचं वजन चटकन कळणार नाही. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. रात्री पाऊस पडला की सकाळी फलंदाजाने त्याच चिखलात उभं राहायचं, आणि दुपारी ऊन पडून माती वाळू लागली की चेंडू वाटेल तसा वळे आणि उसळे. चाळीसची सरासरी असलेला फलंदाज उत्तम गणला जाई. सरेच्या टॉम हेवर्डने आणि बॉबी एबलने त्याच मोसमात अडीच हजारांहून जास्त धावा काढल्या. दोघेही पोटासाठी खेळणारे कसलेले व्यावसायिक, दोघांची सरासरी पंचावन्नच्या आसपास. रणजी त्यांच्या बत्तीस धावा पुढे होते. डावागणिक बत्तीस!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९१० पर्यंत इंग्लंडमध्ये चेंडू नुसता सीमारेषेवरून उडाला तर चारच धावा मिळत. सहा हव्या असतील तर तो मैदानाबाहेर जावा लागे. म्हणजे या तीन हजार धावांत आजच्यासारखी षटकारांची भर जवळजवळ नाही. त्या जमिनीलगत, मोकळ्या जागा शोधत काढलेल्या धावा आहेत. षटकही त्याच वर्षी बदललं: तोपर्यंत पाच चेंडूंचं असलेलं षटक १९०० पासून सहा चेंडूंचं झालं.

इथवर पोचायला रणजींना बारा वर्षं लागली होती. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात चेस्टर मॅकनॉटन या मुख्याध्यापकांनी त्यांच्या हाती बॅट दिली आणि १८८८ मध्ये इंग्लंडला नेलं. केंब्रिजला आले तेव्हा ते हौशी, हुशार पण कच्चे फलंदाज होते. वेगवान चेंडू आला की उजवा पाय लेगकडे पळायचा. ही खोड घालवण्यासाठी डॅन हेवर्ड या प्रशिक्षकाने त्यांचा उजवा पाय सरावाच्या वेळी जमिनीला चक्क जखडून ठेवला, अशी गोष्ट सांगतात. पाय हलेना म्हणून डावा पाय, कंबर आणि मनगट हलू लागलं, आणि अंगावर येणारा चेंडू पाठीमागे वळवण्याची युक्ती त्यातून सापडली. हा डॅन म्हणजे टॉम हेवर्डचा बाप. १९०० च्या धावांच्या यादीत रणजींच्या मागे ज्याचं नाव येतं, तोच टॉम.

गोष्टीतला जखडलेला पाय सगळ्यांना आठवतो. सरावाचे तास मात्र कोणी मोजत नाही. रणजींनी पदरचे, आणि बहुतेक वेळा उसने घेतलेले, पैसे मोजून इंग्लंडमधले उत्तमोत्तम व्यावसायिक गोलंदाज केंब्रिजच्या नेटमध्ये आणले. सरेचे टॉम रिचर्डसन आणि बिल लॉकवुड, मिडलसेक्सचा जॅक हर्न. ज्यांना पुढे सामन्यात तोंड द्यायचं, त्यांनाच आधी सरावाला बोलवायचं आणि तासन् तास खेळत राहायचं. विद्यापीठाच्या संघात जागा मिळायला तरीही १८९३ साल उजाडलं. कप्तान एफ. एस. जॅक्सन आदल्या हिवाळ्यात लॉर्ड हॉकच्या संघाबरोबर हिंदुस्थानात येऊन गेला होता. त्या संघाला मुंबईत पारशांनी एका सामन्यात हरवलं होतं. हिंदी माणसाला क्रिकेट जमतं, हे तो डोळ्यांनी पाहून परतला होता.

पुढची पायरी ससेक्स. मे १८९५ मध्ये लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध पहिल्याच सामन्यात नाबाद ७७ आणि १५०. १८९६ मध्ये २७८० धावा काढून डब्ल्यू. जी. ग्रेसचा पंचवीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होव्हवर यॉर्कशायरविरुद्ध एका दिवसात दोन शतकं झळकली. त्या उन्हाळ्यात लॉर्ड्सच्या कसोटीसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही. लॉर्ड्सच्या कारभारात तेव्हा लॉर्ड हॅरिस यांचा शब्द चाले. हेच हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मँचेस्टरच्या कसोटीसाठी संघ निवडण्याचा अधिकार लँकेशायरकडे होता. त्यांनी रणजींना घेतलं आणि रणजींनी ६२ व नाबाद १५४ अशा खेळ्या केल्या.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये सभ्य फलंदाजी म्हणजे ऑफची फलंदाजी. डावा पाय पुढे टाकायचा, बॅट सरळ ठेवायची आणि चेंडू कव्हरकडे मारायचा. लेगला चेंडू ओढणं गावंढळपणाचं मानत. त्यामुळे कप्तान बहुतेक क्षेत्ररक्षक ऑफला उभे करत आणि यष्टिरक्षकाच्या डाव्या हाताला मैदान ओसाड असे. रणजींनी नेमकी ती ओसाडी हेरली.

मधल्या किंवा लेग यष्टीच्या रोखाने चांगल्या टप्प्याचा वेगवान चेंडू येतोय, असं डोळ्यांसमोर आणावं. इतर फलंदाज असा चेंडू मान खाली घालून अडवत आणि सुटलो म्हणत. रणजी उजव्या पायावर भार टाकत, यष्टींसमोर किंचित वळत, बॅट अंगाला लागून धरत आणि वाट पाहत. चेंडू बॅटला टेकता टेकता मनगटं फिरत. वेग गोलंदाजाचा, दिशा फलंदाजाची. रेशमी शर्टाची मनगटापर्यंत बटणं लावलेली बाही जरा हलली, एवढंच प्रेक्षकांना दिसे. चेंडू तोवर फाइन लेगच्या सीमेकडे निघालेला असे. अंदाज इंचभर चुकला तर फलंदाज पायचीत. हा फटका रणजींनी हुकमी केला आणि गोलंदाजाच्या चांगल्या चेंडूवर धावा काढता येतात, हे इंग्लंडला दाखवलं.

पण १९०० च्या मोसमाची थोरवी या फटक्यात, लेग ग्लान्समध्ये, शोधायला गेलं तर फसगत होते. चार-पाच वर्षांत सगळ्या कप्तानांनी त्या फटक्यावर उतारा शोधला होता: लेगला दोन-तीन माणसं जास्त उभी करायची आणि चेंडू ऑफला ठेवायचा. रणजींनी त्यावर आपला खेळ बदलला. ते पुढे येऊन गोलंदाजाच्या डोक्यावरून, मिडऑफच्या बाजूने ड्राइव्ह मारू लागले. कोवळ्या, सडपातळ पोराची मनगटी नजाकत आणि आता भरलेल्या खांद्यांचा जोर, दोन्ही एकाच बॅटमध्ये आलं. लेगला माणसं हलवली की ऑफ उघडा पडे आणि ऑफ झाकला की लेग. एका सिद्ध झालेल्या खेळाडूने, प्रतिस्पर्ध्यांनी कोंडी केल्यावर, आपली अर्धी फलंदाजी नव्याने उभी केली. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

मे महिन्यातच त्याची प्रचिती आली. होव्हवर सॉमरसेटविरुद्ध २२२ आणि लगेच पुढच्या डावात केंब्रिजला, ज्या विद्यापीठाने त्यांना संघात घ्यायला इतकी वर्षं लावली होती त्याच विद्यापीठाविरुद्ध, नाबाद २१५. लागोपाठच्या दोन डावांत दोन द्विशतकं. मग लेस्टरला लेस्टरशायरविरुद्ध २७५, जी तोवरची त्यांची सर्वोच्च धावसंख्या. होव्हवर केंटविरुद्ध २२०.

आणि पाचवं द्विशतक, होव्हवरच, मिडलसेक्सविरुद्ध २०२. जाणकारांनी या मोसमातलं सर्वश्रेष्ठ म्हणून हेच गौरवलं, कारण पावसाने खेळपट्टी बिघडलेली होती. मिडलसेक्सकडे तेव्हा जॅक हर्न होता, जो ओल्या मातीवर हात लावू देत नसे, आणि अल्बर्ट ट्रॉट होता, ज्याने त्या मोसमात दोनशेहून जास्त बळी घेतले. भिजून वाळणाऱ्या खेळपट्टीवर टप्पा पडेपर्यंत चेंडू काय करील हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे एकतर अगदी पुढे येऊन टप्प्यावरच चेंडू गाठायचा किंवा अगदी मागे जाऊन तो वळून होईपर्यंत थांबायचं. मध्ये अडकला तो गेला. रणजींचे पाय या दोन टोकांत सतत हलते असत. ज्याचा पाय एकेकाळी जखडावा लागला, त्याच माणसाचं पदलालित्य आता अभ्यासाचा विषय झालं होतं.

होव्हचं मैदान १८७२ पासूनचं, ब्रायटनला खेटून, समुद्राकडे उतरत गेलेलं. ऊन असलं की तिथली खेळपट्टी टणक आणि सरळ. लंडनहून सुट्टीला आलेली माणसं, ब्रायटनचे दुकानदार, शाळकरी पोरं असा प्रेक्षक. रणजी आणि सी. बी. फ्राय एकत्र खेळताना पाहणं हा त्या किनाऱ्यावरचा एक सोहळाच होता. फ्राय हा ऑक्सफर्डचा विद्वान, लांब उडीचा विक्रमवीर; पुढे तो इंग्लंडकडून फुटबॉलही खेळला. त्याची फलंदाजी विचार करून घडवलेली, शिस्तीची. रणजींच्या १८९७ च्या ‘जुबिली बुक ऑफ क्रिकेट’ या पुस्तकाच्या लेखनात त्याचा मोठा हात होता. १९०० मध्ये त्याने २३२५ धावा काढल्या, सरासरी एकसष्टची, आणि होव्हवर सरेविरुद्ध एकाच सामन्यात १२५ आणि २२९ केल्या. ससेक्सच्या डावात एकीकडून फ्राय आणि दुसरीकडून रणजी सुरू झाले की गोलंदाजांनी दुपारभर धावायचं.

इतकं असून ससेक्स जिंकलं किती सामने? चार.

चोवीस कौंटी सामन्यांत चार विजय, दोन पराभव आणि अठरा अनिर्णित. हा ताळेबंद त्या मोसमाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सोडून रणजींच्या तीन हजार धावांची गोष्ट सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. गुणांची पद्धत तेव्हा वेगळी होती. विजयांतून पराभव वजा करायचे आणि निकाल लागलेल्या सामन्यांनी भागून टक्केवारी काढायची. अनिर्णित सामने हिशेबातच नाहीत. त्यामुळे चार विजय मिळवणारं ससेक्स आणि आठ विजय मिळवणारं केंट, दोघांचे गुण सारखेच, ३३.३३, आणि दोघं मिळून तिसऱ्या क्रमांकावर. यॉर्कशायर अठ्ठावीस सामन्यांत सोळा जिंकून, एकही न हरता विजेतं ठरलं.

यॉर्कशायरकडे काय होतं, जे ससेक्सकडे नव्हतं? विल्फ्रेड ऱ्होड्स होता. बावीस वर्षांच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या मोसमात २६१ बळी घेतले, बळीमागे चौदा धावाही न देता. जोडीला स्कोफील्ड हेग. ससेक्सकडे फ्रेड टेट हा मेहनती ऑफब्रेक गोलंदाज होता आणि सिरिल ब्लंड हा वेगवान गोलंदाज होता, ज्याने १८९९ मध्ये टनब्रिजला केंटचे एका डावात दहाही गडी बाद केले होते. पण टणक खेळपट्टीवर तीन दिवसांत वीस गडी बाद करणारा मारा ससेक्सपाशी नव्हता. ससेक्सची फलंदाजी जितकी श्रीमंत, तितकीच गोलंदाजी गरीब. पाचशे धावा कराव्यात, मग समोरच्यांनीही साडेतीनशे कराव्यात आणि तिसऱ्या दिवशी सहा वाजता दोन्ही संघांनी हस्तांदोलन करून गाडी पकडावी, असे ते सामने.

त्या वर्षीच्या नियमांनी कप्तानाला थोडी मोकळीक दिली होती. पूर्वी डाव घोषित करायला तिसरा दिवस उजाडावा लागे. १९०० पासून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीनंतर घोषित करता येऊ लागला. फॉलोऑनही सक्तीचा राहिला नाही, दीडशे धावांची आघाडी असेल तर द्यायचा की नाही हे कप्तान ठरवू लागला. पण दुपारी लवकर डाव सोडून उपयोग काय, जर पुढे बळी घेणारा हातच नसेल? रणजींची कप्तानी थोडी मवाळ होती, सहकाऱ्यांना दुखवणं त्यांना जमत नसे, हा आक्षेप रास्त आहे. तरी अठरा अनिर्णित सामन्यांचा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. ज्याने आपल्या बॅटने सरासरी ८७ धावा दिल्या, त्याने कप्तान म्हणून आपला वाटा उचलला होता.

कप्तानपदाचीही एक कथा आहे. १८९९ च्या मोसमात बिली मर्डॉककडून ते रणजींकडे आलं. मर्डॉक ऑस्ट्रेलियाचा माजी कप्तान, कसोटीतलं पहिलं द्विशतक त्याच्या नावावर. म्हणजे ससेक्सला परका कप्तान नवा नव्हता. पण ऑस्ट्रेलियन परका आणि हिंदी परका यांत त्या काळी समुद्राएवढं अंतर होतं. बहुतेक मैदानांवर हौशी ‘जेंटलमन’ आणि पगारी खेळाडू वेगवेगळ्या दारांतून मैदानात उतरत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावामागे ‘मिस्टर’ लागे आणि पगारी खेळाडूचं नुसतं आडनाव. व्हिक्टोरिया राणीच्या साम्राज्यात, साम्राज्याचं युद्ध चालू असताना, एक सावळा हिंदी तरुण अकरा जणांच्या पुढे चालत होता आणि टेट, ब्लंड, जो व्हाइन, हॅरी बट हे ससेक्सचे गोरे व्यावसायिक त्याचा हुकूम मानत होते. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्या पेशात त्या वर्षी असं दृश्य दिसलं असतं?

याच काळाच्या आसपास पुण्यात आणि मुंबईत काय चाललं होतं, हे मराठी वाचकाने इथे जरूर आठवावं. धारवाडला जन्मलेले, चांभार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायचं आणि नेटमध्ये चेंडू टाकायचं काम करत होते. तासन् तास त्यांची डावखुरी फिरकी खेळून ज्याने आपली फलंदाजी पक्की केली, तो कॅप्टन जे. जी. ग्रेग १९०१ मध्ये हॅम्पशायरकडून उतरला आणि लिव्हरपूलला लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा काढून गेला. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना खेळायला घेतलं, पण त्यांचा चहा मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानात चेंडूला शिवलेलं चालत होतं. पुढे मुंबईत ते हिंदूंच्या संघाचे आधारस्तंभ झाले, १९११ मध्ये अखिल भारतीय संघातून इंग्लंडला जाऊन त्यांनी ११४ बळी घेतले, आणि तरीही हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. काठेवाडचा राजपूत होव्हला इंग्रजांचा कप्तान होऊ शकत होता. पुण्याचा चांभार मुंबईत हिंदूंचा कप्तान होऊ शकत नव्हता. रणजींना इंग्लंडमध्ये दरवाजा उघडला तो बॅटमुळे, पण ‘प्रिन्स’ या बिरुदाचाही त्यात वाटा होता, हे नाकारून चालणार नाही.

हॅम्पशायरचं नाव निघालं म्हणून आणखी एक. १८९९ मध्ये मेजर आर. एम. पूअर या हॅम्पशायरच्या फलंदाजाने ९१.२३ च्या सरासरीने १५५१ धावा केल्या. रणजींच्या १९०० च्या सरासरीपेक्षा त्या काळात वरचढ असलेली हीच एक. हा पूअर मुंबईत गव्हर्नर हॅरिस यांचा एडीसी होता आणि त्याचं क्रिकेट हिंदुस्थानातल्या छावण्यांत मुरलं होतं. पण त्याने डाव खेळले अवघे एकवीस. रणजींनी जवळपास दुप्पट खेळून ती उंची टिकवली. १९०० च्या उन्हाळ्यात पूअर दक्षिण आफ्रिकेत युद्धावर होता.

रणजींचं ते ‘प्रिन्स’ बिरुदही तसं डळमळीतच होतं. नवानगरच्या जाम विभाजींनी लहानग्या रणजितसिंहांना वारस म्हणून निवडलं, पण १८८२ मध्ये पोटचा मुलगा झाल्यावर शब्द फिरवला. सरकारने त्या मुलाला, जसाजींना, मान्यता दिली. १८९८ चा अख्खा इंग्लिश मोसम सोडून रणजी गादीवरचा हक्क सांगायला हिंदुस्थानात राहिले, अर्जविनंत्या केल्या आणि रिकाम्या हाताने परतले. परतल्यावर १८९९ मध्ये ३१५९ धावा केल्या. एका मोसमात तीन हजारांचा टप्पा गाठणारे ते जगातले पहिले फलंदाज. त्यापाठोपाठ आलं १९०० साल. या दोन वर्षांत त्यांच्यापाशी राज्य नव्हतं, नेमकं उत्पन्न नव्हतं आणि सावकारांचा तगादा मात्र होता. राजपुत्राला शोभेल असं राहायचं, सढळ हाताने भेटी द्यायच्या, हौशी खेळाडू म्हणून मानधन घ्यायचं नाही, आणि सगळं उधारीवर. समाजातली पत टिकवायला त्यांच्या हातात एकच नाणं होतं, धावांचं. सामना संपला की दुसऱ्या गावाची गाडी, दुसऱ्या दिवशी नाणेफेक, पुन्हा शून्यापासून सुरुवात. पाच महिने.

इंग्रजी वर्तमानपत्रांना मात्र या सगळ्यात पौर्वात्य जादू दिसली. गारुडी, जादूगार, नजरबंदी असल्या शब्दांची खैरात झाली. जणू त्या मनगटांत कसली तरी मंत्रसिद्धी होती आणि कष्टांचा त्याच्याशी संबंध नव्हता. आपल्याकडेही ही दंतकथा कौतुकाने उचलली गेली. हे कौतुक रणजींवर अन्याय करणारं आहे. ज्याने उसनवारी करून रिचर्डसन-लॉकवुडसारखे गोलंदाज नेटमध्ये आणले, ज्याने स्वतःचा गाजलेला फटका बाजूला ठेवून तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नवे फटके शिकले, ज्याने भिजलेल्या मातीवर पावलांच्या हिशेबाने द्विशतक काढलं, त्याला जादूगार म्हणणं म्हणजे त्याची मेहनत हिरावून घेणं होय.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९०१ मध्ये टाँटनला सॉमरसेटविरुद्ध नाबाद २८५, हीच त्यांची आयुष्यातली सर्वोच्च खेळी. १९०२ च्या कसोटी मालिकेत ते सपशेल अपयशी ठरले आणि पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९०३ नंतर कप्तानपद फ्रायकडे गेलं. १९०४ मध्ये ७४ च्या सरासरीने दोन हजारांवर धावा काढून ते मायदेशी परतले. १९०६ मध्ये जसाजी वारले आणि १९०७ मध्ये रणजी नवानगरचे जामसाहेब झाले. १९०८ आणि १९१२ मध्ये ते ससेक्सकडून पुन्हा खेळले, वजन वाढलेलं असूनही दोन्ही वेळा हजारावर धावा केल्या. १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये शिकारीच्या अपघातात उजवा डोळा गेला. तरी १९२० मध्ये एका डोळ्यानिशी त्यांनी तीन सामने खेळून पाहिले. २ एप्रिल १९३३ रोजी जामनगरला त्यांचं निधन झालं.

हिंदुस्थानातल्या क्रिकेटसाठी त्यांनी हयातीत फारसं काही केलं नाही. १९११ च्या अखिल भारतीय संघात ते नव्हते. स्वतःला ते इंग्लंडचे क्रिकेटपटू समजत. त्यांचं नाव इथल्या मातीशी जोडलं गेलं ते मृत्यूनंतर, १९३४ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दिलेल्या करंडकामुळे. त्या करंडकावर सर्वांत जास्त वेळा नाव कोरलं मुंबईने. १९३९ ते १९४१ या दोन मोसमांत प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने तो लागोपाठ जिंकला. आणि डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा काढल्या, त्या रणजींच्याच प्रांताच्या, काठेवाडच्या, संघाविरुद्ध.

ससेक्सची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. रणजींच्या कप्तानीची शेवटची दोन वर्षं, १९०२ आणि १९०३, ससेक्स दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. १९३० मध्ये त्यांच्या पुतण्याने, दुलीपसिंहांनी, होव्हवर नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध ३३३ धावा काढून काकांचा २८५ चा कौंटी विक्रम मागे टाकला. विजेतेपद तेव्हाही आलं नाही. ते आलं सप्टेंबर २००३ मध्ये, होव्हच्याच मैदानावर, लेस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात. त्या सामन्यात मरे गुडविनने नाबाद ३३५ धावा काढून दुलीपसिंहांचा विक्रम दोन धावांनी मोडला. आणि त्या मोसमात ससेक्सकडे पाकिस्तानचा लेगस्पिनर मुश्ताक अहमद होता, ज्याने कौंटी स्पर्धेत १०३ बळी घेतले.